वार आणि वेळ सोडून

आमच्या आंजीत माणूस गेला की आधी भोंग्याची खरखर यायची. मग एक खाकरणं. मग कैलासकाका.

"समस्त आंजीकरांना कळविण्यात अत्यंत दुःख होते की..."

इथं तो थांबायचा. बरोबर तीन श्वास. तेवढ्या वेळात गावाचे हात जिथल्या तिथं राहायचे. भाकर तव्यावर, ब्रश तोंडात, न्हाव्याचा वस्तरा कोणाच्या तरी अर्ध्या गालावर. मग नाव यायचं, आणि भाकर पलटली जायची.

कैलासकाका म्हणजे माझ्या बाबांचा धाकटा भाऊ, कैलास रूपराव नाखले, वय पंचेचाळीस. त्याचं घर आमच्या घराला लागून. मधल्या भिंतीत दाराची चौकट आहे, दार कोणी बसवलंच नाही. धंदा साऊंडचा. लग्नाला बॉक्स, निवडणुकीला भोंगा, ग्रामपंचायतीच्या नळपट्टीचा पुकारा. ऑटो तानबाभाऊ चालवायचा आणि मागं बसून काका बोलायचा. पण गाव त्याला ओळखायचं ते मयतीच्या पुकाऱ्यासाठी. त्याचे कायदे होते. मेला म्हणायचं नाही, वारला म्हणायचं नाही. माणूस कितीही नालायक असो, बापाचं नाव गाळायचं नाही. बाळंतिणीच्या घरासमोर भोंगा बंद. शाळेसमोर आवाज अर्धा. ज्यांच्या घरची मयत त्यांच्या दारात ऑटो न्यायचा नाही, त्यांना माहीत आहे. आणि सगळ्यात मोठा कायदा, नाव एका वेळी एकदाच.

"दोनदा नाव घेतलं का जानारा मांगं वळून पाह्यते," तो म्हणायचा. "मंग त्याले जाता येत नाई."

मी आठ वर्षांची असताना त्याचा माईक उचलून आमच्या कोंबडीचा पुकारा केला होता. खाकरण्यासकट. अर्धी गल्ली रडायच्या तयारीनं बाहेर आली. आईनं एक ठेवून दिली, शेजारच्या पंचफुलाबाईनं शाप दिला. काका मात्र हसून हसून पायरीवर बसला आणि मग डोळे पुसत म्हणाला, "आवाज जमला बे पोट्टे. थांबनं नाई जमलं. मोजत जाजो. तीन."

तेव्हापासून मला त्याचा आवाज काढता येतो.

त्याच्या आजाराची सुरुवात कोणाच्या लक्षातच आली नाही. लग्नाला वर्ष झालं होतं, तेव्हा डाव्या डोळ्यासमोर धुकं आलं. तीन आठवड्यांत ते आपोआप गेलं. सगळे विसरले. मग सहा-सात वर्षांनी चप्पल. काका घरी यायचा तर एकाच पायात चप्पल. दुसरी कुठे गळाली त्याला पत्ता नाही, कारण पायाला कळतच नव्हतं. रक्षाकाकू, म्हणजे त्याची बायको, संध्याकाळी गल्लीत चप्पल शोधत फिरायची.

"काय व रक्षा, आज कोनाच्या दारी सोडून आला?" बाया विचारायच्या.

"तुमच्या दारी नाई ना, मंग झालं तं," काकू म्हणायची.

मग पायाला मुंग्या. कमरेला कोणी दोर आवळून धरल्यासारखं. येई, महिनाभर राही आणि जाई. जो आजार जातो त्याला आमच्या गावात आजार म्हणत नाहीत, उष्णता म्हणतात. काकूनं धने-जिऱ्याचं पाणी दिलं. त्यांना लेकरू झालं नाही, त्यालाही कोणी तरी उष्णताच म्हटलं होतं.

एक सांगायचं राहिलं. काका सगळ्या गावाचं नाव घ्यायचा, पण बायकोचं कधी घेत नसे. "अवं" म्हणायचा. काकू "अवो" म्हणायची. एवढ्यावर दोघांचं सगळं चालायचं. लग्नात तेवढं एकदा बायांनी दार अडवलं म्हणून त्याला नाव घ्यावं लागलं होतं. "पवनारच्या पुलावर थांबली बस, रक्षाचं नाव घेतो, आता झालं बस." बाया म्हणाल्या, हा काय उखाणा झाला? पुन्हा घ्या. तो म्हणाला, नाव एकदाच. माझी आई अजून ही नक्कल करते, वाईट करते.

मागच्या वर्षी मे महिन्यात सदाशिवराव गेले. मोठं माणूस, गावात मान. पारा सेहेचाळीसवर. मी वर्ध्याच्या कॉलेजातून बाराच्या बसनं उतरले तर स्टँडवर काकाचा ऑटो. "बस मांगं," तो म्हणाला. तेवढ्या दोन शब्दांतच मला काही तरी वेगळं ऐकू आलं. जीभ जड. जणू तोंडात सुपारीचं खांड ठेवून बोलतोय. सकाळी आठला पहिली फेरी केली तेव्हा नीट होता म्हणे, उन्हं चढली तसा आवाज पसरत गेला. भोंग्यातून ते आणखी मोठं ऐकू येत होतं. "शमश्त आंजीकरांना..."

चौकात सदाशिवरावांचा मुलगा सचिन ऑटोसमोर आडवा आला. डोळे लाल, अंगात तोच रात्रीचा बनियन.

"थांबव बे ऑटो! कैलासभाऊ, लाज वाटते का? माहा बाप घरी पडला अन् तू ढोसून आला?"

"न्हाई... न्हाई बावा शच्चिन..."

"पाह्य पाह्य, जीभ पाह्य त्याची!"

"वाश घे," काका म्हणाला आणि त्यानं तोंड उघडलं. सचिननं घेतला नाही. तेव्हा काकानं जे करायला नको होतं तेच केलं. दारू प्यालो नाही, सरळ उभा राहू शकतो, हे दाखवायला तो उतरला. एक पाय जमिनीला लागला, दुसरा लागलाच नाही. भर चौकात, पानठेल्यासमोर, मयतीला जमलेल्या गावासमोर, आमचा काका आडवा.

"दोन क्वार्टर असन."

"नाई, देशी आहे हे. इंग्लिशवाला असा सपाट नाई पडत."

हे बोलणारे आवाज मला आजही जसेच्या तसे काढता येतात. काढत नाही.

तानबाभाऊनं आणि मी त्याला उचलून ऑटोत बसवलं. खालचा मोहल्ला अजून राहिला होता. तिथं कोणाला माहीत नव्हतं चार वाजता निघणार आहेत ते. काकानं घामानं भिजलेला माईक माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाला, "बापाचं नाव... गाळजो नको."

मी केला. त्याच्या आवाजात, खाकरून, तीन श्वास थांबून. खालच्या मोहल्ल्यात भाकरी तव्यावर थांबल्या. संध्याकाळी स्मशानातून परत येताना लोक म्हणाले, "उतरली वाटते त्याची नंतर. खालती चांगला बोलला."

घरी काकू त्याच्या डोक्यावर ओला पंचा ठेवत होती. तो माझ्याकडे पाहत राहिला. पंख्याखाली तासभर बसल्यावर जीभ हलकी झाली तेव्हा म्हणाला, "आज मले मी बाहेरून ऐकू आलो व."

हसला नाही.

त्यानंतर कोणी पुकाऱ्याला बोलावलं नाही, आणि आम्ही त्याला सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढून तपासलं. नाव निघालं मल्टिपल स्क्लेरोसिस. फॉर्म भरायला मी होते, म्हणून स्पेलिंग मला पाठ झालं. मोठ्या डॉक्टर मॅडमनी कागदावर नस काढून दाखवली. मेंदूतल्या नसांवर वेष्टण असतं, शरीर स्वतःच ते कुरतडतं, मग संदेश अर्ध्यात गळतात. आणि उष्णतेनं ते वाढतं, म्हणून दुपारी जीभ जड होते आणि सकाळी नाही.

"समजलं मले," काका म्हणाला. "वायरचं कव्हर उंदरानं खाल्लं. करंट आहे, पन खरखर येते."

मॅडम म्हणाल्या, "अगदी तसंच."

गावात परत आल्यावर सचिन घरी आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, "भाऊ, मले का मालूम गा." काकानं त्याला चहा घ्यायला लावला. पण गावाला तोवर दुसरंच काही मिळालं होतं. आमच्या गल्लीत भैयाजी आहेत, बिजली बोर्डातून रिटायर झालेले लाइनमन. कानात हिअरिंगची मशीन, त्यामुळे बोलतात ते खांबावरून खालच्याला ओरडल्यासारखं. त्यांना काकानं वायरचं सांगितलं.

"कव्हर गेलं?" भैयाजी ओरडले. "मेन लाइनचं?"

"हाव."

"अन् बदलता येत नाई?"

"नाई म्हंते. इंजेक्शन देते, आनखी खाऊ नये म्हनून."

भैयाजींनी डोळे मिटले, जणू अख्खं आंजी सबस्टेशन डोळ्यांसमोर आणलं. "चौतीस वर्ष लाइन पाह्यली मी. उघडी लाइन किती चालते, मले विचार. एक पावसाळा. दुसरा नाई काढत."

त्यांनी हे हळू सांगितलं असं त्यांना वाटलं. पाच घरांना ऐकू गेलं. आणि तेच ठरलं. कोणी मॅडमला विचारलं नाही. काकानं पण नाही. चौतीस वर्षांचा लाइनमन सांगतो तर खोटं कशाला सांगेल?

मग भेटायला येणं सुरू झालं. आमच्याकडे माणूस जायच्या वाटेवर आहे असं कळलं की सगळे सोयरे एकदा तोंड दाखवून जातात. बिस्किटाचे पुडे, केळी, शहाळं. पंचफुलाबाई तर उंबरठ्यावरच सूर लावायच्या. "काय व माय! केवढा होता अन् केवढा झाला! गालफाडं पाह्य! खातं का गा बाप्पा काई?" काका समोर केळं सोलत बसलेला. ठाणेगावची मावशी त्याचे पाय चेपत रडली, तर काका म्हणाला, "मावशे, तो पाय नोको दाबू, मले समजत नाई. इकडचा दाब, काई फायदा होईन." एवढी हसली ती, की पुन्हा रडली.

पण माणसं गेली की तो हिशेब करत बसायचा. एकदा मधल्या चौकटीत बसून मला म्हणाला, "तेवीस वर्षात किती केले असन मी पुकारे? सातशे? आठशे? साऱ्यायचे केले. माहा कोन करीन?"

"मी करीन ना."

"तू करशीन. पन तो तुहा असन."

आषाढातली एक सकाळ. साडेपाच वाजले असतील. रात्रभर पावसाची झड लागून हवा थंड झाली होती आणि थंडीत त्याची जीभ साफ असायची. त्यानं मला उठवलं. "फोन काढ. रेकॉर्डिंग लाव." अंघोळ करून पांढरा शर्ट घालून बसला होता. काकू चुलीपाशी पाठ करून.

खाकरला. "समस्त आंजीकरांना कळविण्यात अत्यंत दुःख होते की..." तीन श्वास. "कैलास रूपराव नाखले यांचे..." आणि इथं थांबून त्यानं बोटानं मला खूण केली, जागा सोड. मग पुढे, "...दुःखद निधन झाले. त्यांची अंत्ययात्रा..." पुन्हा बोट. "...राहत्या घरून निघेल. समस्त आंजीकरांनी नोंद घ्यावी."

बेचाळीस सेकंद. एका दमात. एक अक्षर पसरलं नाही.

"वार अन् वेळ सोडून देल्ली," तो म्हणाला. "तेवढी तू भरजो. माह्या आवाजात. कोनाले जोड दिसली नाई पाह्यजे."

काकूनं चहा आणून ठेवला. बशी खाली ठेवताना खडखडली.

पावसाळा गेला. पोळा झाला, दसरा झाला, कापूस वेचून झाला. काका होता. पाय आणखी गेले, आता भिंत धरूनही चालता येत नव्हतं. पण होता. आणि गावाची जरा पंचाईत झाली. ज्यांनी शेवटचं म्हणून तोंड दाखवलं त्यांना पुन्हा यायचं कसं ते कळेना. पंचफुलाबाई कुंपणावरून विचारायच्या, "कसा आहे व कैलास?"

"आहे," काकू म्हणायची.

"आहे का?" सूर वर जायचा, मग खाली यायचा. "बरं बरं. आहे तं आहे."

भैयाजी रस्ता बदलून जाऊ लागले. त्यांची चौतीस वर्षांची नोकरी खोटी ठरत होती.

जानेवारीत सावंगीला तपासणी होती. आम्ही तिघं गेलो. बाहेर कोवळी पोरं-पोरी पांढरे कोट घालून वडापाव खात होती. खुर्चीवरून काकाला आत नेलं, आणि सगळं तपासून झाल्यावर त्यानं विचारलं, "मॅडम, माहा पावसाळा तं निंगून गेला. आता किती?"

"कसला पावसाळा?"

"एक म्हटलं होतं ना."

"कोणी म्हटलं?"

"भैयाजीनं."

"ते कुठले डॉक्टर?"

"लाइनमन आहे," मी म्हणाले.

मॅडम हसल्या नाहीत. पेन बाजूला ठेवलं. त्यांचं बोलणं नागपूरचं, मराठीत अधूनमधून हिंदी. "कैलासजी, ऐका. ये बीमारी सहसा स्वतः जीव घेत नाही. बाकी लोकांपेक्षा सरासरी पाच-सात वर्षं कमी, कोणाची थोडी जास्त, कोणाची तेवढीही नाही. तुमचं नेमकं सांगणारी मी कोण? पण तुम्ही पंचेचाळीसचे आहात. पंचवीस वर्षं धरून चला. जास्त पण निघू शकतात."

मला एवढा आनंद झाला की मी खुर्चीतच उडाले. काका तसाच बसून होता.

"चालनं?" त्यानं विचारलं.

"चालणं वेगळी गोष्ट आहे."

"बोलनं?"

मॅडम थांबल्या. सवयीनं मी मोजलं. तीन.

"बोलणं पण वेगळी गोष्ट आहे, कैलासजी. आपण प्रयत्न करू. व्यायाम देते जिभेचे."

मग त्या काकूकडे वळल्या. पाठीला जखम होऊ द्यायची नाही, दर दोन तासांनी कूस बदलायची. गिळताना ठसका लागला तर पाणी घट्ट करून द्यायचं. लघवीचं इन्फेक्शन, छातीतला कफ, ताप आला की लगेच या. "माणूस जातो तो बहुतेक या गोष्टींनी. मतलब, बरंचसं तुमच्या हातात आहे, ताई."

काकूनं पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. तिची आई बावन्नाव्या वर्षी बीपीनं गेली होती, आणि तिला स्वतःला बीपीची गोळी सुरू होऊन दोन वर्षं झाली होती.

"म्हंजे," ती काकाकडे बोट करून म्हणाली, "मी यायच्या आदी जाऊ शकतो?"

"ताई, तसं तर कोणाचंच..."

"नाई, नुसतं विचारलं मी."

परतीच्या बसमध्ये मी घरी फोन करून ओरडून सांगितलं, पंचवीस वर्षं, पंचवीस! समोरच्या सीटवरच्या माणसानं मला नोकरीच लागली असं समजून मान डोलावली. काका खिडकीशी. काकू बाहेर पाहत होती, उजाड पडलेल्या वावरांकडे. सगळा रस्ता दोघांमध्ये एक "अवं" नाही की "अवो" नाही.

गल्लीत बातमी पसरली. भैयाजींचा जीव भांड्यात पडला. आले, ओरडले, "मेन लाइन नसन ती! सर्व्हिस वायर असन! सर्व्हिस वायर चालते गा!" आणि समाधानानं गेले. ते शेवटचे. त्यानंतर आठवडा गेला, महिना गेला, केळी नाहीत, बिस्किटं नाहीत. एकदा मी काकूला म्हटलं, आता कोणी येतच नाही ग. ती काकाची गादी उन्हात घालत होती.

"मराले लोक येते," ती म्हणाली. "जगाले कोन येते?"

दर दोन तासांनी कूस. मोबाईलमध्ये तिनं अलार्म लावले होते, दिवसाचे बारा. अंघोळीला न्यायचं तर ती मागून काखेत हात घालायची आणि म्हणायची, "एक, दोन, अन्..." तीन ती कधी म्हणत नसे, तिसऱ्याला दम लागायचा. काका व्यायाम करायचा. पा-टा-का, पा-टा-का. सकाळी सातपर्यंत ते पा-टा-का असायचं, दहाला पा-ता-हा, आणि दुपारी नुसताच श्वास.

मार्चच्या अखेरीस, सोमवारी, बाबा शेतात, आई बँकेत, मी वर्ध्याला. काकूनं काकाला मोरीत नेलं आणि तिथंच तिला भोवळ आली. दोघं पडले. ती खाली, तो तिच्यावर. त्याला सरकता येईना, तिला उठता येईना. मी दीडच्या बसनं आले तेव्हा नळ चालू होता. पावणेअकरापासून दोघं तसेच. काकूचा ओठ फुटला होता. काकाचे डोळे उघडे होते आणि तोंड हलत होतं. मी कान नेला तेव्हा ऐकू आलं. तो तेव्हापासून हाका मारत होता. पंचफुलाबाई कुंपणापलीकडे डाळ निवडत बसल्या होत्या, चार हातांवर. त्यांना काही ऐकू आलं नाही. ज्याचा आवाज खालच्या मोहल्ल्यात भाकरी थांबवायचा.

हाड मोडलं नाही. काकूची गोळी वाढली. बाबांनी मोरीत लोखंडी दांडा बसवला, आईनं बँकेतून दुपारी एक चक्कर मारायचं ठरवलं, आणि मी पण माझ्या वाटणीचे चार अलार्म घेतले. पण काकूच्या डोक्यात काही वेगळंच बसलं होतं. एप्रिलमध्ये एक दिवस त्याला शिरा भरवताना ती म्हणाली, "अवो. माहा बी करून ठेवा."

"काय?"

"पुकारा."

काकानं तोंड बंद केलं. चमचा तसाच.

"मी आदी गेली तं कोन सांगीन? तवा तुमची जीभ राहीन का?"

"ही... पोट्टी आहे."

"नक्कल नाई पाह्यजे मले." माझ्याकडे पाहिलं. "तुले वाईट वाटू देऊ नोको व. तू लय बेस करतं. पन साऱ्या गावाचं यायनं सोताच्या तोंडानं सांगतलं. सदाशिवरावचं सांगतलं, त्या चोट्ट्या फकिराचं सांगतलं. माहंच काऊन नकलीचं?"

"जितेपनी... कोनाचं केलं नाई मी."

"सोताचं केलं ना?"

तो दोन दिवस बोलला नाही. बोलणं कमी झालं होतं, त्यामुळे हे फक्त आम्हालाच कळलं. मी पण घाबरले होते. कारण आवाज दर आठवड्याला जात होता, मला महिन्यामहिन्याचा फरक काढून दाखवता आला असता, आणि मे जवळ येत होता. एकदा ऊन लागलं की या वर्षी तो परत येईल याची खात्री मॅडमनाही नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यानं मान डोलावली.

पाच वाजता उठलो. काकूनं रात्रीच माठातलं पाणी काढून ठेवलं होतं, त्यात पंचा बुडवून त्याच्या मानेभोवती गुंडाळला, दुसरा डोक्यावर. पांढरा शर्ट चढवला. उशी पाठीशी लावून त्याला टेकवलं. मग स्वतः समोर पाटावर बसली, पदर डोक्यावर घेऊन, जशी कोणाकडे मयतीला बसते तशी. मी फोन धरला.

त्यानं पा-टा-का केलं. चांगलं आलं. माझ्याकडे पाहिलं. मी बटण दाबलं.

खाकरला.

"समस्त आंजीकरांना कळविण्यात अत्यंत दुःख होते की..."

हा तोच आवाज होता. आषाढापासून मी ऐकला नव्हता. समस्तमधला स सुद्धा जागेवर. भिंतीवरच्या पालीसकट सगळं थांबलं.

एक. दोन. तीन.

नाव आलं नाही.

चार. पाच. त्याची मान पंच्याखाली हलत होती. काकू त्याच्याकडे पाहत होती आणि तिचा हात नकळत वर आला, त्याला ठसका लागला तर म्हणून. रेकॉर्डिंगमध्ये तिच्या बांगड्या ऐकू येतात. मी अकरापर्यंत मोजलं. नंतर मोजता आलं नाही.

"रक्षा," तो म्हणाला.

बाई नाही. नवऱ्याचं नाव नाही, आडनाव नाही. ज्यानं आयुष्यात कोणाचं अर्धं नाव पुकारलं नाही त्यानं एवढंच म्हटलं, आणि पुढचं वाक्य तोंडात आलंच नाही. दुःखद पण नाही, निधन पण नाही. ओठ हलले, आणि मग जीभ बसली. बसलेली दिसली मला.

मी बटण दाबलं. "पुन्हा घेऊ का, काका? अजून सहाच वाजले. थंड आहे."

त्यानं मान हलवली. नाही.

मला आठवलं. नाव एकदाच.

काकूनं फोन माझ्याकडून घेतला, लावून ऐकला, कानाला लावून, शेवटपर्यंत. मग परत दिला.

"असू दे," ती म्हणाली. "एवढं पुरे मले. बाकीचं तू सांगजो."

दारातून कोवळं ऊन त्याच्या पायावर आलं होतं. त्याला कळत नव्हतं, तिला दिसत होतं. तिनं मानेचा पंचा काढला, पिळला, पुन्हा गुंडाळला. तिच्या कमरेला खोचलेला मोबाईल वाजू लागला, सहाची कूस. ती उठली, त्याच्या मागं गेली, काखेत हात घातले.

"एक," ती म्हणाली. "दोन. अन्..."

मी फोन खाली ठेवून त्याचे पाय धरले.